पतपेढीचा हिशेब

एका तालुक्याच्या गावी एक पतपेढी होती. गवळी, भाजीवाले, शिंपी अशा लोकांच्या ठेवी तिथे असत. तिचा सगळा हिशेब एक प्रोग्रॅम करायचा. दिवसभर भरणा आणि उचल नोंदवायची, संध्याकाळी बटण दाबायचं, की तेरीज तयार. इतक्या वर्षांत एका पैशाचाही फरक पडला नव्हता.

तो प्रोग्रॅम एका प्राध्यापकांनी स्कीम भाषेत लिहून दिला होता. ही भाषा सस्मन आणि स्टील या दोघांनी १९७५ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये घडवली. तिच्यात बरीचशी कामं फंक्शनांच्या साखळीतून होतात. एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्याच्या हाती जातं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. फेरा मारायचा असेल तर फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं. प्राध्यापकांची रीत अशी, की हाती आलेली यादी खोडायची नाही. वेगळी हवी असली तर नवी बनवायची.

पुढे प्राध्यापक वारले. पतपेढीत नवी मुलं आली. त्यांना सी येत होती, स्कीम कोणालाच येत नव्हती. सी ही डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये तयार केलेली भाषा. तिच्यात एकामागून एक हुकूम सोडायचे. हा आकडा इथे ठेव, त्यात एक मिळव, पुढच्या ओळीवर जा.

त्याच गावात एक मास्तर होते. जुने प्रोग्रॅम दुरुस्त करून देणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या हाताखाली दोन शिकाऊ होते, एक थोरला आणि एक धाकटी.

पतपेढीचे व्यवस्थापक मास्तरांकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, हा प्रोग्रॅम सीमध्ये करून द्या. नवं काहीच नको. आज जे उत्तर येतं तेच उद्या आलं पाहिजे. मात्र काम ३१ मार्चच्या आत हवं."

मास्तरांनी शिकाऊंकडे पाहिलं. थोरला लगेच पुढे झाला.

"सर, मी करतो. यात अवघड काय आहे? १९३६ सालीच चर्च आणि ट्युरिंग या गणितज्ञांनी, एकानं फंक्शनांच्या वाटेनं आणि दुसऱ्यानं यंत्राच्या वाटेनं, हिशेब म्हणजे काय ते मांडलंय. दोन्ही वाटांनी तेच हिशेब होतात हेही तेव्हाच सिद्ध झालं. मग ओळीला ओळ लावत गेलं की झालं."

"होतात हे खरं," मास्तर म्हणाले. "करून आण."

थोरला कामाला लागला. स्कीममधल्या प्रत्येक फंक्शनसाठी त्यानं सीमध्ये एक फंक्शन लिहिलं. तिथलं फंक्शन स्वतःला बोलावत असेल, तर इथलंही स्वतःला बोलावायचं. नावंसुद्धा तीच ठेवली. काम संपल्यावर त्यानं दहा नोंदी घालून पाहिल्या.

दहा हजारांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज जुना प्रोग्रॅम सातशे रुपये दाखवत होता. नव्यानं शून्य दाखवलं.

थोरल्यानं ती ओळ काढून पाहिली. सात भागिले शंभर. प्राध्यापकांच्या स्कीममध्ये त्याचं उत्तर सात शतांश असं अपूर्णांकातच राहत होतं. सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांक गळून पडतो आणि हाती शून्य उरतं. थोरला हसला. त्यानं आधी गुणाकार आणि मग भागाकार केला. उत्तर जुळलं.

मग तो पतपेढीत गेला. पतपेढी सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या नोंदी त्यानं प्रोग्रॅमला दिल्या. त्या दहा लाख होत्या. प्रोग्रॅम क्षणभर चालला आणि कोसळला. पडद्यावर दोनच शब्द उरले, 'सेगमेंटेशन फॉल्ट'. शेजारी त्याच यंत्रावर जुना प्रोग्रॅम त्याच नोंदी बिनतक्रार मोजत होता.

थोरला रात्रभर दोन्ही प्रोग्रॅम समोरासमोर ठेवून बसला. सकाळी तो मास्तरांना म्हणाला, "सर, ओळ न ओळ तपासली. सगळं तेच आहे."

"सगळं तेच आहे, तर मग कोसळतो कसा?" मास्तर म्हणाले. "धाकटे, तू बघ."

धाकटीला कारण सापडलं. फंक्शननं शेवटचं काम म्हणून स्वतःला बोलावलं, तर आधीच्या खेपेसाठी जागा अडवून ठेवायची नाही, असा स्कीमचा नियमच आहे. खेपा दहा असोत की दहा लाख, जागा तेवढीच लागते. सीमध्ये असा नियम नाही. कंपायलर कधी आपणहून जागा वाचवतो, पण तसं वचन भाषा देत नाही. इथे प्रत्येक खेप स्टॅक नावाच्या राखीव कप्प्यात थोडी जागा अडवत गेली. त्या यंत्रावर स्टॅकला ८ एमबी जागा होती. दहा खेपा तिच्यात मावल्या, दहा लाख मावल्या नाहीत.

"दादा, तू सीमध्ये स्कीमच लिहिलीस," धाकटी म्हणाली. "सीमध्ये फेरा सीच्या रीतीनं लिहायचा."

तिनं थोरल्याचं काम बाजूला ठेवलं आणि नव्यानं सुरुवात केली. स्वतःला बोलावणारी फंक्शनं काढून टाकली आणि साधे फॉर-लूप घातले. नोंदींची एकच मोठी यादी केली. प्रोग्रॅम आखूड झाला. सी जाणणाऱ्या कोणालाही तो सहज वाचता आला असता. दहा लाख नोंदी त्यानं भराभर मोजल्या आणि खाली ठेवींची एकूण बेरीज छापली.

बेरीज उणे आली. उणे १ कोटी २९ लाख ४९ हजार ६७२ रुपये ९६ पैसे.

व्यवस्थापकांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "अहो, आमच्याकडे लोकांच्या बरोबर तीन कोटींच्या ठेवी आहेत. या कागदावर तर लोकच आमचं देणं लागतात!"

धाकटीनं हिशेब उलगडला. प्रोग्रॅम पैशांत मोजत होता. तीन कोटी रुपये म्हणजे तीनशे कोटी पैसे. तिनं बेरजेसाठी ३२ बिटांचा पूर्णांक वापरला होता. त्यात जास्तीत जास्त २१४,७४,८३,६४७ मावतात, म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. बेरीज त्याच्या पुढे गेली आणि फिरून उणे झाली. स्कीमचा पूर्णांक लागेल तसा वाढत जातो, म्हणून प्राध्यापकांना आकड्याच्या मापाचा विचार करावाच लागला नव्हता. धाकटीनं ६४ बिटांचा पूर्णांक घेतला. तेरीज जुळली, व्याज जुळलं. नवा प्रोग्रॅम पतपेढीत बसला.

तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी एक गवळी खिडकीशी आला. त्याचं जुनं पासबुक भरलं होतं, म्हणून त्याला नवीन छापून दिलं होतं. ते त्यानं रोखपालबाईंसमोर उघडून ठेवलं.

"ताई, हे जरा वाचून दाखवा."

रोखपालबाईंनी वाचलं. पहिली ओळ होती, पोळा, उचल दोन हजार, शिल्लक उणे दोन हजार. दुसरी ओळ, दिवाळी, भरणा तीन हजार, शिल्लक एक हजार. तिसरी ओळ, गुढीपाडवा, भरणा पाच हजार, शिल्लक सहा हजार.

"सहा हजार बरोबर आहेत," गवळी म्हणाला. "पण मी पाडव्याला भरले आणि पोळ्याला बैलांच्या साजासाठी काढले. भरायच्या आधीच मला दोन हजार दिले कोणी? आणि वर्षाच्या शेवटी पाडवा आला कुठून?"

रोखपालबाईंकडे उत्तर नव्हतं. पासबुक मास्तरांच्या दुकानात आलं.

दोघा शिकाऊंनी मिळून शोध घेतला. पतपेढीच्या अध्यक्षांसाठी रोज एक अहवाल निघे. त्यात नोंदी रकमेच्या क्रमानं लावलेल्या असत, सगळ्यात लहान आधी. जुन्या प्रोग्रॅममध्ये क्रम लावणारं फंक्शन नवी यादी बनवून देत होतं. मूळ यादी तारखेच्या क्रमानं जागच्या जागी राहायची. धाकटीनं सीचं क्यूसॉर्ट वापरलं होतं. ते नवी यादी बनवत नाही, दिलेल्या यादीतच उलथापालथ करतं. अहवाल आधी निघाला आणि पासबुक नंतर छापलं गेलं. छापताना तारखांचा क्रम उरलाच नव्हता. उचलीची रक्कम उणे, म्हणून ती सगळ्यांच्या वर जाऊन बसली होती.

"पण सर," धाकटी म्हणाली, "मूळ यादीला हात लावू नका असं जुन्या प्रोग्रॅममध्ये कुठेच म्हटलेलं नाही. मी तीनदा वाचलाय."

"मीही वाचलाय," थोरला म्हणाला. "फेऱ्याला जागा लागणार नाही असंही कुठे म्हटलेलं नाही. आकडा वाढत जाईल असंही नाही."

मास्तर उठले. त्यांनी फळीवरून एक कोरी वही काढली. पानाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत रेघ मारली आणि वही दोघांच्या मध्ये ठेवली.

"जुना प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून वाचा. त्यात जे लिहिलंय ते डावीकडे मांडा. जे लिहिलेलं नाही, पण ज्याच्या भरवशावर तो चालतो, ते उजवीकडे मांडा. उजवी बाजू भरल्याशिवाय सीची एक ओळही लिहायची नाही."

दोघं बसले. डावी बाजू सकाळीच भरली. नोंद वाचणे, व्याज काढणे, बेरीज करणे, क्रम लावणे, छापणे. उजवी बाजू दुपारपर्यंत कोरीच होती. जेवणानंतर थोरल्यानं पहिली ओळ लिहिली, 'भागाकारात अपूर्णांक हरवत नाही.' मग दोघं आळीपाळीनं लिहू लागले.

'फेरा कितीही लांबला तरी जागा तेवढीच लागते.'

'पूर्णांकाला माप नाही.'

'हाती दिलेली यादी आहे तशीच परत मिळते.'

इथपर्यंत सगळ्या खाल्लेल्या ठेचाच होत्या. धाकटीनं पेन खाली ठेवलं. "झालं. आता अहवालासाठी यादीची वेगळी प्रत काढते आणि तिचा क्रम लावते. मूळ यादी शाबूत राहील."

थोरला वहीकडे बघत होता. "प्रत काढशील. पण अहवाल छापून झाल्यावर त्या प्रतीचं काय?"

"काय म्हणजे?"

"जुना प्रोग्रॅमही रोज नवी यादी बनवत होता. त्या याद्या साठून यंत्र कधी भरलं नाही. का?"

धाकटीनं थोडा विचार केला आणि पाचवी ओळ लिहिली, 'कामापुरती घेतलेली जागा काम झाल्यावर आपोआप मोकळी होते.' स्कीम वापरात नसलेली जागा स्वतःच गोळा करते. सीमध्ये मागून घेतलेली जागा आपल्या हातानं परत करावी लागते. ती केली नसती, तर दर अहवालाला दहा लाख नोंदींची जागा अडकत गेली असती, आणि एका संध्याकाळी ऐन तेरजेच्या वेळी प्रोग्रॅम बसला असता.

ही चूक अजून घडलीच नव्हती. ती आधी वहीत सापडली.

मग त्यांनी सीमध्ये लिहायला घेतलं. उजव्या बाजूची एकेक ओळ घ्यायची आणि तिच्यासाठी सीमध्ये काय करावं लागेल ते ठरवायचं. अपूर्णांकासाठी भागाकार शेवटी. फेऱ्यासाठी लूप. बेरजेसाठी ६४ बिट. क्रम लावण्यासाठी प्रत. प्रतीसाठी परतफेड. धाकटीचे लूप राहिले, थोरल्यानं ठेवलेली नावंही राहिली. दोन्ही प्रोग्रॅम पतपेढीत शेजारी शेजारी चालवले. रोज संध्याकाळी दोन्ही तेरजा जुळत गेल्या. ३१ मार्चला वर्षाचा ताळेबंद पैशापैशाला जुळला. गवळ्याला नवं पासबुक मिळालं, आणि त्यात पाडवा सगळ्यात वर होता.

काही दिवसांनी जवळच्या कॉलेजातून एक बाई मास्तरांकडे आल्या. त्या विद्यार्थ्यांना स्कीम शिकवत होत्या. पावत्या फाडणारा एक जुना सी प्रोग्रॅम त्यांना स्कीममध्ये करून हवा होता.

"या वेळी वही नको," थोरला म्हणाला. "सी कंजूष आहे, सगळं आपल्यालाच करावं लागतं. स्कीम दिलदार आहे. तिकडून इकडे येताना न लिहिलेलं असं काय असणार? उजवी बाजू कोरीच राहील."

धाकटीलाही ते पटलं. मास्तर काही बोलले नाहीत.

काम सोपं होतं. सी प्रोग्रॅममध्ये एक लूप होता. रांगेतल्या माणसाचं नाव घ्यायचं, पुढचा पावती क्रमांक काढायचा, पावती बनवायची, मग पुढचा माणूस. थोरल्यानं लूपच्या जागी स्कीमचं मॅप घातलं. मॅप यादीतल्या प्रत्येकावर तेच काम करतं आणि उत्तरांची यादी देतं. लूपचं काम दोन ओळींत झालं. बाई प्रोग्रॅम घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. "रांगेतल्या शेवटच्या मुलाला एक नंबरची पावती मिळाली आणि सगळ्यात आधी आलेल्याला शेवटची. पावत्यांच्या यादीत नावं बरोबर क्रमानं आहेत, नंबर मात्र उलटे."

थोरल्यानं मॅपचा नियम काढून वाचला. उत्तरांची यादी योग्य क्रमानं मिळेल, एवढंच मॅप सांगतं. कोणाचं काम आधी करायचं ते मॅपच्या मर्जीवर. कॉलेजातल्या यंत्रावर मॅप शेवटापासून कामाला लागत होतं. नुसता हिशेब असता तर काहीच बिघडलं नसतं, कारण दुप्पट करायची तर आधी कोणाची केली यानं फरक पडत नाही. इथे मात्र प्रत्येक कामात क्रमांक एकानं पुढे सरकत होता.

त्यानं आपणहून फळीवरची वही काढली. नव्या पानावर रेघ मारली आणि उजवीकडे लिहिलं, 'वरची ओळ आधी होते, खालची नंतर.'

"सीमध्ये हे कोणी लिहीत नाही," तो म्हणाला, "कारण तिथे ते तसंच होतं."

स्कीममध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमानंच जाणारं एक वेगळं फंक्शन आहे, फॉर-ईच. त्यानं मॅपच्या जागी ते घातलं आणि पावत्या आपल्या हातानं गोळा केल्या. नंबर सरळ झाले.

धाकटी तेवढ्यावर थांबली नाही. वहीतली ती ओळ हातात धरून तिनं सगळा प्रोग्रॅम पुन्हा वाचला. एका ठिकाणी दोन पावत्यांचे क्रमांक एकाच 'लेट'मध्ये मागितले होते. त्यांतला कोणता आधी निघेल, हेही स्कीम सांगत नाही. 'लेट'पुढे एक तारांकन दिलं, की तीच गोष्ट ठरलेल्या क्रमानं होते. तिनं तारांकन घातलं. ही चूक कोणाच्या पावतीवर उमटायच्या आधीच गेली.

संध्याकाळी थोरला मास्तरांना म्हणाला, "सर, मग १९३६ सालचं ते खोटं म्हणायचं का?"

"खोटं कसं?" मास्तर म्हणाले. "दोन्ही वाटांनी तिथे पोचता येतं, एवढंच त्या दोघांनी सांगितलं. कुठल्या वाटेवर पाणी मिळतं आणि कुठल्या वाटेवर बरोबर न्यावं लागतं, ते चालणाऱ्यानंच बघायचं."

"आणि दिलदार भाषा कोणती, कंजूष कोणती?" धाकटीनं विचारलं.

"स्कीमनं जागा दिली, सीनं क्रम दिला. ज्या भाषेनं जे फुकट दिलं, ते तिच्या प्रोग्रॅममध्ये कधीच लिहिलेलं सापडणार नाही."

तेव्हापासून त्या दुकानात नवं काम आलं, की शिकाऊ आधी वहीचं पान काढून मधोमध रेघ मारत. आणि भरायला सुरुवात उजवीकडून करत.

तात्पर्य : लिहिलेलं कोणीही उतरवून काढील, जे गृहीत धरलेलं असतं, ते ओळखून बरोबर नेणं हेच खरं भाषांतर.